कचेरीची मुदत आणि आपली तयारी
(पनवेल येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका शिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेले भाषण)



मला बोलण्यासाठी दिलेला विषय आहे 'राज्य शासनाच्या खात्यांतील नियोजन आणि कामाची उद्दिष्टे'. विषय ऐकून मागच्या रांगेतील काही पालकांनी घड्याळाकडे पाहिले, हे मी पाहिले आहे. त्यात त्यांचा दोष नाही. नियोजन, उद्दिष्ट, कृती आराखडा हे शब्द मंत्रालयातले. आपला आणि त्यांचा संबंध काय, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून त्या शब्दांपासून सुरुवात न करता मी माझ्या घरातल्या एका गोष्टीपासून सुरुवात करतो.

२००८ साली मी बारावी पास झालो. अब्बा कुवेतला नोकरीला होते आणि त्याच वर्षी त्यांची नोकरी सुटली. कॉलेजच्या फीमध्ये सवलत मिळणार होती, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. अम्मीने एका कचेरीत अर्ज दिला. "चार दिवसांनी या," असे सांगितले गेले. चार दिवसांनी गेली, तेव्हा "साहेब मीटिंगला गेले आहेत." पुन्हा गेली, तेव्हा "ते टेबल पाहणारे रजेवर आहेत." चौथ्या खेपेला दाखला हातात आला. पण तोपर्यंत सवलतीच्या अर्जाची शेवटची तारीख उलटून दोन दिवस झाले होते. माझी फी मामूंनी भरली. ते पैसे फेडण्यासाठी मी दोन वर्षे गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. त्यातूनच शिकवण्याची गोडी लागली आणि मी शिक्षक झालो, एवढाच काय तो त्या कचेरीचा माझ्यावर उपकार!

पुष्कळ वर्षे मी ही गोष्ट सरकारी कारभाराला नावे ठेवण्यासाठी सांगत असे. पुढे स्वतः शिक्षक झाल्यावर, वर्गातल्या मुलांचे कागद हाताळू लागल्यावर, तिच्यातल्या दुसऱ्या बाजूही दिसू लागल्या. एक, त्या दाखल्याला किती दिवस लागावेत हे आम्हाला माहीत नव्हते आणि कोणी सांगितलेही नाही. दोन, अम्मीने अर्जाची पोच घेतलेली नव्हती. तीन, रजेवर गेलेल्या कारकुनाचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवलेले नव्हते. आणि चार, ही आमची चूक होती, शेवटच्या तारखेला जेमतेम आठवडा उरला असताना आम्ही जागे झालो होतो. मित्रांनो, खात्याचे नियोजन म्हणजे काय आणि ते नसले म्हणजे काय होते, हे या चार मुद्द्यांत सगळे येते.

आम्हा शिक्षकांना जून महिन्यात वार्षिक नियोजन करावे लागते. कोणता धडा कोणत्या महिन्यात, किती तासिका, चाचणी केव्हा, हे सारे लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यावी लागते. कोणत्याही खात्याचे नियोजन याहून वेगळे नसते. त्यात चार प्रश्नांची उत्तरे असावी लागतात. काम कोणते? ते कोणी करायचे? किती दिवसांत करायचे? आणि झाले की नाही हे कोण, कसे मोजणार? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर राहिले, तर नियोजनाचा कागद कपाटात पडून राहतो आणि अर्जदार खेपा घालत राहतो.

आपल्या महाराष्ट्रात हे प्रश्न फार पूर्वी विचारले गेले आहेत, हे मुलांना ठाऊक असावे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी काही नवा कायदा आणला नाही की मोठा खर्च मागितला नाही. त्यांनी आपल्याच कचेरीकडे पाहिले. वर्षानुवर्षांच्या कागदांचे ढीग साचलेले होते. हवा तो कागद सापडत नव्हता, म्हणून काम अडत होते. त्यांनी जुन्या दप्तराची छाननी करवली. कोणता कागद कायम ठेवायचा आणि कोणता ठरावीक वर्षांनी नष्ट करायचा, अशी वर्गवारी लावून घेतली. बसण्याची मांडणी बदलली, कामाची वाटणी स्पष्ट केली आणि आलेल्या माणसाला आपले काम कोणाकडे आहे हे कळेल अशी व्यवस्था केली. पुढे हीच पद्धत 'लखिना पॅटर्न' या नावाने राज्यभर गेली. आजही महसूल खात्यातली जुनी मंडळी हे नाव आदराने घेतात.

आपल्याकडच्या कचेऱ्यांत 'सहा गठ्ठे पद्धत' म्हणून एक पद्धत शिकवली जाते. कारकुनाने आपल्याजवळच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे. निर्णयासाठी थांबलेली प्रकरणे एका गठ्ठ्यात, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी दुसऱ्यात, ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रे तिसऱ्यात, नेहमी लागणारे आदेश चौथ्यात, दप्तरखान्यात पाठवायचे कागद पाचव्यात आणि नष्ट करायचे सहाव्यात. किती साधी गोष्ट! आपल्या घरातली आईसुद्धा डाळीचे आणि तांदळाचे डबे वेगळे ठेवते. पण हा गठ्ठ्यांचा नियम पाळला, तर रजेवर गेलेल्या माणसाच्या जागी बसलेल्या माणसालाही कागद सापडतो. माझ्या अम्मीचा अर्ज बहुधा अशाच न लावलेल्या एखाद्या ढिगात होता.

२०१७ साली पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' नावाची मोहीम घेतली. साचलेले काम एकदा पूर्ण उपसायचे आणि त्यानंतर रोज आलेल्या कामाचा रोज निपटारा करायचा, हा तिचा गाभा. विहिरीतला गाळ एकदा काढला की झऱ्याचे पाणी आपोआप स्वच्छ राहते, तसाच हा विचार आहे.

हे झाले चांगल्या अधिकाऱ्यांचे प्रयत्न. पण चांगला अधिकारी बदलून जातो आणि टेबल पुन्हा पूर्वीसारखे भरते. म्हणून मुदतीला कायद्याचा आधार लागतो. आपल्या राज्यात तो दोन पायऱ्यांनी आला. पहिली पायरी २००५ चा कायदा. त्याचे नाव लांबलचक आहे, पण लोक त्याला बदल्यांचा आणि दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. तो १ जुलै २००६ पासून अमलात आला. सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असे त्यात म्हटले आहे. तातडीची फाईल शक्यतो चार दिवसांत, अति तातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी हलवावी. दुसऱ्या खात्याकडे पाठवावी लागत नसेल, तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा. पाठवावी लागत असेल, तर तीन महिन्यांत. प्रत्येक कचेरीने नागरिकांची सनद प्रसिद्ध करावी, हेही त्याच कायद्यात आहे. सनदेची ही कल्पना १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये पुढे आली आणि १९९७ नंतर आपल्या देशात रुजू लागली.

दुसरी पायरी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. मध्य प्रदेशाने असा कायदा २०१० मध्येच केला होता. आपल्याकडे तो २८ एप्रिल २०१५ पासून अमलात आला. या कायद्याने मोठा फरक केला तो असा, की दाखला मिळणे ही साहेबांची मेहेरबानी राहिली नाही, तो आपला हक्क झाला. अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत आहे. ती देणारा अधिकारी ठरलेला आहे. अर्ज दिल्यावर पोच मिळालीच पाहिजे. अर्ज नाकारला, तर कारण लेखी द्यावे लागते. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत त्याच खात्यातील वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. तेथे न्याय मिळाला नाही, तर दुसरे अपील. आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० रुपयांपासून ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचे प्रमाणपत्र यांची मुदत १५ दिवसांची आहे. 'आपले सरकार' या संकेतस्थळावर प्रत्येक सेवेपुढे तिची मुदत लिहिलेली आहे. हे सारे २००८ साली असते, तर मामूंचे पैसे वाचले असते.

आता अगदी अलीकडचे. २०२५ च्या जानेवारीत राज्य शासनाने आपल्या सर्व खात्यांना आणि कचेऱ्यांना १०० दिवसांचा कार्यक्रम दिला. कचेऱ्यांसाठी सात कलमी आराखडा होता. संकेतस्थळ अद्ययावत करणे, लोकांचे जगणे सुकर करणे, स्वच्छता, तक्रारींचे निवारण, कामाच्या ठिकाणी सोयी, गुंतवणुकीला चालना आणि क्षेत्रीय कार्यालयांना भेटी, अशी ती कलमे. शिवाय ४८ खात्यांनी मिळून ९०२ बाबी १०० दिवसांत पूर्ण करण्याचे ठरवले. १ मे २०२५ रोजी, महाराष्ट्र दिनी, निकाल जाहीर झाला. ९०२ पैकी ७०६ बाबी पूर्ण, १९६ अपूर्ण. म्हणजे शेकडा ७८. बारा खात्यांनी आपले सगळे ठरवलेले काम पूर्ण केले होते. कचेऱ्यांची तपासणी त्यांच्या साहेबांनी न करता भारतीय गुणवत्ता परिषदेने केली. त्यानंतर २ ऑक्टोबर २०२५ पर्यंतचा १५० दिवसांचा दुसरा कार्यक्रम आला आणि २०२९, २०३५ व २०४७ या तीन टप्प्यांचा विचार सुरू झाला. २०३५ मध्ये महाराष्ट्र राज्याला ७५ वर्षे होतील आणि २०४७ मध्ये देशाच्या स्वातंत्र्याला १००.

शासनाने आपला निकाल जाहीर करावा, त्यात १९६ बाबी राहिल्या हेही सांगावे, ही मला चांगली गोष्ट वाटते. आम्ही मुलांना प्रगतिपुस्तक देतो, तसे खात्यानेही आपले प्रगतिपुस्तक लोकांसमोर ठेवले. पण मी शिक्षक आहे, त्यामुळे प्रगतिपुस्तकावरच्या आकड्यांचे गुपितही मला थोडे ठाऊक आहे. ते आज मोकळेपणाने सांगतो.

मी पूर्वी एका शाळेत होतो. तेथे दहावीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे, असे उद्दिष्ट होते. उद्दिष्ट वाईट नव्हते. पण ते गाठण्याची सोपी वाट कोणती निघाली? नववीतच कच्च्या मुलांना मागे ठेवायचे, नाहीतर पालकांना बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवायला सांगायचे. निकाल शंभर टक्के लागला, फलक लागला, पेढे वाटले गेले. मीही पेढा खाल्ला. त्या वर्षी नववीतून गळालेला एक मुलगा नंतर मला पनवेलच्या बाजारात फळांची गाडी लावताना भेटला. "सर, मी दहावीला बसलो असतो तर नापास झालो असतो का हो?" असे त्याने हसत विचारले. मला उत्तर देता आले नाही. शंभर टक्क्यांच्या हिशेबात तो कोठेच नव्हता.

कचेरीतही असेच होऊ शकते. कचेरीच्या भाषेत 'निकाली' असा एक शब्द आहे. आलेल्या शंभर अर्जांपैकी नव्वद निकाली निघाले, असे नोंदवहीत लिहिले जाते. पण निकाली म्हणजे दाखला दिला असे नव्हे. अर्ज नाकारला तरी तो निकालीच. त्रुटी दाखवून परत पाठवला, तरी त्या टेबलावरून तो गेला आणि मुदतीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. नोंदवहीत कचेरी वेळेत आहे आणि दारात म्हातारी आई तिसऱ्यांदा उभी आहे, असे घडू शकते. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की खात्याचे उद्दिष्ट मोजताना किती कागद टेबलावरून गेले हे मोजून भागत नाही. किती माणसे काम होऊन घरी गेली, आणि किती खेपांत गेली, हे मोजले पाहिजे. अर्ज त्रुटीत टाकायचा असेल, तर सगळ्या त्रुटी एकाच वेळी सांगाव्यात. आज एक, परवा दुसरी असे होऊ नये. एवढा एक नियम मनापासून पाळला, तरी गरिबाच्या निम्म्या खेपा वाचतील.

आता आपल्याकडे वळतो. बोट दुसऱ्याकडे दाखवणे सोपे असते. आपल्या वस्तीतले किती अर्ज त्रुटीत जातात आणि का जातात, हे मी गेली काही वर्षे शाळेत पाहतो आहे. सर्वांत मोठे कारण नाव. जन्मदाखल्यावर 'महंमद', शाळेच्या रजिस्टरात 'मोहम्मद', आधार कार्डावर इंग्रजीत नुसतेच 'एम. डी.' आणि बापाच्या पासपोर्टवर चौथेच स्पेलिंग. कोठे आडनाव आहे, कोठे गावाचे नाव, कोठे दोन्ही नाहीत. कारकुनाने हे कागद एकाच मुलाचे आहेत असे कशावरून मानावे? मुलगा शाळेत शिकत असताना रजिस्टरातील नावाची दुरुस्ती पुराव्यानिशी करून घेता येते. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला, की तेच काम अवघड होते आणि पुढे राजपत्रात नाव छापून आणण्यापर्यंत पाळी येते. पालकांना माझी विनंती आहे, की मुलगा-मुलगी आठवीत गेली की एका संध्याकाळी घरातले सगळे कागद चटईवर पसरून बसा आणि अक्षर न अक्षर जुळवून पाहा.

दुसरे कारण उशीर. दहावी-बारावीचे निकाल लागले की सगळे पनवेल एकाच आठवड्यात सेतू केंद्रापुढे रांग लावते. कचेरीतले हात तेवढेच आणि अर्ज दसपट. जो अर्ज डिसेंबरात किंवा जानेवारीत निवांत देता येतो, तो आपण जूनमध्ये धावतपळत देतो. अधिवासाच्या प्रमाणपत्रासाठी दहावीच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. उत्पन्नाचा दाखला मात्र ठरावीक काळापुरता चालतो, म्हणून तो केव्हाचा लागणार हे आधी विचारून घ्यावे.

मी माझ्या वर्गापुरती एक साधी वही केली आहे. डाव्या बाजूला मुलाचे नाव, पुढे लागणारे दाखले, अर्ज दिल्याची तारीख, पोचेचा क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि शेवटी दाखला मिळाल्याची तारीख. दर शनिवारी मी ती उघडतो. मुदत संपलेली दिसली, की त्या पालकाला बोलावून अपिलाचा अर्ज लिहायला बसवतो. पहिल्या वर्षी पालक घाबरत होते. "सर, साहेबांविरुद्ध तक्रार नको, पुढचे काम अडेल," असे म्हणत. मी त्यांना सांगितले, की अपील ही तक्रार नव्हे, कायद्याने घालून दिलेली ती पुढची पायरी आहे. नम्रपणे लिहा, पोचेचा क्रमांक घाला, तारीख घाला. बऱ्याचदा अपील द्यावेही लागले नाही. पोच दाखवून "साहेब, पंधरा दिवस काल पूर्ण झाले," एवढे म्हटल्यावर कागद निघाला. ज्याला मुदत माहीत आहे, त्याच्याशी कचेरी वेगळे बोलते, हा माझा अनुभव आहे. यात मुजोरी नको, पण लाचारीही नको. आणि लवकर काम व्हावे म्हणून मधल्या माणसाच्या हातावर पैसे ठेवण्याची सवय तर अजिबात नको. मुदत पाळून घेण्यापेक्षा मुदत विकत घेणे आपल्याला सोपे वाटते, पण त्याची किंमत रांगेतला आपल्यामागचा गरीब भरतो.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. आपल्या रायगडचेच बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले १९८० मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात १९८० साली संजय गांधी निराधार योजना सुरू झाली, १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले आणि सिंधुदुर्ग हा नवा जिल्हा झाला. त्यांच्या राजकारणाबद्दल मते वेगवेगळी असतील. पण निराधाराला दरमहा पैसे पोचावेत, जिल्ह्याची कचेरी माणसाच्या जवळ यावी, ही कामे शेवटी तलाठ्याच्या आणि कारकुनाच्या टेबलावरूनच पार पडतात. तुमच्यापैकी कोणी तलाठी व्हावे, कोणी लिपिक, कोणी स्पर्धा परीक्षा देऊन तहसीलदार किंवा उपजिल्हाधिकारी व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. अलिबागच्या किंवा कोकण भवनाच्या कचेरीत केवळ अर्जदार म्हणून न जाता टेबलाच्या पलीकडे बसायलाही शिका. त्यासाठी अभ्यासाचे नियोजन आजपासून हवे. त्याही नियोजनाला तेच चार प्रश्न विचारा. काय, कोण, केव्हापर्यंत, आणि मोजायचे कसे?

आणि उद्या खरोखरच त्या खुर्चीवर बसलात, तर एक करा. रजेवर जाण्यापूर्वी आपल्या टेबलावरचे कागद लावून, कोणाकडे काय सोपवले आहे हे लिहून जा. कारण त्या ढिगात एखाद्या मुलाच्या फीचा दाखला असेल, त्याची शेवटची तारीख दोन दिवसांवर आलेली असेल, आणि त्याची अम्मी चौथ्यांदा एसटीतून उतरत असेल.

 घरी गेल्यावर कागदांची पेटी मात्र आजच उघडा.